जप्त काळाचा हिशेब

नवा बंदी मध्यवर्ती कारागृहाच्या दिंडीतून वाकून आत आला, की प्रथम त्याची अंगझडती होते आणि मग त्याच्याजवळच्या चीजवस्तूंची नोंद होते. मनगटावरचे घड्याळ, पाकिटातल्या नोटा, बोटातली अंगठी, कमरेचा पट्टा असा एकेक जिन्नस कारकून वहीत उतरवून घेतो, बंद्याची सही अथवा अंगठा घेतो, आणि दहा किंवा चौदा वर्षांनी तो मनुष्य सुटेल त्या दिवशी ते सर्व, घड्याळ एव्हाना बंद पडलेले का असेना, त्याच्या हवाली करण्याची जबाबदारी सरकारवर असते. न्यायालयात मुद्देमाल म्हणून जमा झालेल्या मोडक्या सायकलीलाही चिठ्ठी बांधलेली असते आणि ती गहाळ झाली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की तिच्या जपणुकीचा भार आपल्यावर येतो, हे तत्त्व आमच्या दप्तरांत इतके मुरलेले आहे, की त्याचे कोणास नवल वाटत नाही. मात्र त्याच दरवाज्यात त्या मनुष्याची जी सर्वांत मोठी चीज काढून घेतली जाते, म्हणजे त्याच्या आयुष्याची वर्षे, त्यांचा हिशेब ती कधी संपणार एवढ्यापुरताच ठेवला जातो. त्या वर्षांचे काय झाले, याचा जाब कोणी कोणास विचारीत नाही.

तुरुंगातील लोकांना महाविद्यालयीन शिक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे निघतो तेव्हा तो बहुधा दोन अंगांनी निघतो. कोणी भूतदयेने बोलतो, कोणी शिक्षणाने गुन्हे कमी होतील या हिशेबाने बोलतो. हे दोन्ही पक्ष माझ्या मनाजोगे असूनही मला दुबळे वाटतात, कारण दया करणाऱ्यास उद्या कंटाळा येऊ शकतो आणि फायदा पाहणारा, फायदा दिसेनासा झाला की, हात आखडता घेतो. माझे म्हणणे याहून कोरडे आहे. राज्यसंस्था एखाद्याचा काळ जप्त करते तेव्हा न्यायालयाने जेवढे काढून घेण्याचा हुकूम केला असेल तेवढेच काढून घेण्याचा तिला अधिकार पोहोचतो. हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य त्या हुकुमात येते, बुद्धीची वाढ खुंटविणे येत नाही. आणि ज्या भिंतींच्या आत मनुष्याने आपल्या खटपटीने शिकण्याचे सर्व मार्ग राज्यसंस्थेनेच बुजविलेले असतात, तेथे ते मार्ग मोकळे करून देणे हे तिच्यावरील देणे ठरते.

मराठी वाचकाला हे पटविणे एका परीने सोपे आणि दुसऱ्या परीने फार अवघड आहे. सोपे अशासाठी, की तुरुंग आणि ग्रंथ यांचे नाते आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. मंडालेस गीतारहस्य लिहून झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आणि अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना नेहरूंनी भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ सिद्ध केला. या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्या अभिमानापोटीच एक भलती समजूत रूढ होऊन बसली आहे. ती अशी, की तुरुंगातील विद्या ही थोरामोठ्यांची बाब होय आणि चोर, मारेकरी, दरोडेखोर यांचा तिच्याशी संबंध नाही. वर ज्यांची नावे घेतली ती बहुतेक मंडळी आत जाण्यापूर्वीच विद्यासंपन्न होती. तुरुंगाने त्यांना विद्या दिली नाही. सवड दिली, आणि तीही कुरकुरत दिली. मंडालेस टिळकांच्या स्वयंपाकाला एक कैदी देण्यात आला होता. त्याच भिंतींत, त्याच ब्रह्मदेशी उन्हाळ्यात त्याचीही वर्षे गेली. पण गीतारहस्याच्या कथेत तो चुलीपुरता येतो आणि जातो. आज येरवड्यास, नाशिक रोडला, नागपुरास किंवा कोल्हापूरच्या कळंब्यास जे हजारो लोक कोंडलेले आहेत, त्यांचे नाते ग्रंथकर्त्याशी नसून त्या स्वयंपाक्याशी आहे, आणि प्रस्तुत प्रश्न त्याच्याविषयीचा आहे.

याला आमच्या इतिहासात एक लक्षणीय अपवाद आहे. अंदमानात सावरकरांनी आपल्या राजबंदी सोबत्यांना हाताशी धरून सामान्य बंदिवानांना अक्षरओळख करून देण्याची आणि ग्रंथसंग्रह जमविण्याची जी चिकाटीची खटपट केली, तिची हकीकत ‘माझी जन्मठेप’मध्ये आहे. सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो, कोलू फिरविणाऱ्या अनोळखी कैद्याच्या हातीही पुस्तक पडले पाहिजे, हा विचार त्या काळी त्या जागी सुचणे आणि तो अमलात आणणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता टिळकांच्या लेखनाचाच एक तपशील जरा विस्ताराने सांगतो, कारण पुढील विवेचनाचा धागा त्यातून निघतो. मंडालेस त्यांना शाई मिळत नसे, शिसपेन्सिलीने लिहावे लागे. सुटे कागद मिळत नसत, बांधीव वह्या मिळत, आणि एखादे पान फाडून बाहेर गेले तर उघडकीस यावे म्हणून त्यांची पाने मोजलेली असत. १९१४ च्या जून महिन्यात टिळक सुटून पुण्यास आले तेव्हा या वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत न मिळाल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. अखेर वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. परकीय सरकारने, ज्यास टिळकांच्या लेखणीचे भय वाटण्यास पुरेसे कारण होते त्या सरकारने, बंद्याच्या बुद्धीची मिळकत त्याची त्याला परत केली.

याच्या शेजारी अर्धशतकानंतरची, स्वराज्यातली हकीकत ठेवून पाहावी. प्रभाकर पांडुरंग संझगिरी या कम्युनिस्ट कार्यकर्त्यास भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये त्याचे हस्तलिखित प्रसिद्धीसाठी आपल्या पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. पुस्तकात राज्याच्या सुरक्षिततेस बाध आणणारे काही आहे, असे काही प्रकरण नव्हते. अणूच्या गाभ्यातील कणांपासून सरकारला कसला धोका पोहोचणार? सरकारचे म्हणणे एवढेच होते, की स्थानबद्धास ज्या सवलती नियमांनी दिल्या आहेत त्यांच्या यादीत पुस्तक लिहून बाहेर पाठविण्याची सवलत नाही, आणि जे यादीत नाही ते त्याला मागता येत नाही. उच्च न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. त्यावर महाराष्ट्र शासन, मराठीत विज्ञानग्रंथ निघावेत म्हणून एकीकडे मंडळे नेमणारे हेच शासन, या एका विज्ञानग्रंथाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी तेथेही ते हरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सरकारच्या युक्तिवादाचे पोकळपण एका सरळ दृष्टांताने दाखवून दिले. यादीत नाही ते नाही हा न्याय मानला, तर ज्या नियमावलीत जेवणाचा उल्लेख राहून गेला असेल, तिच्या आधारे स्थानबद्धास उपाशी मारणेही कायदेशीर ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा निकाल वकिलांच्या ग्रंथांत पुरून राहिला आहे आणि शिक्षणाच्या चर्चेत त्याचे नाव कधी निघत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. संझगिरी स्थानबद्ध होते, शिक्षा झालेले गुन्हेगार नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु दोषी ठरलेला मनुष्यदेखील केवळ दोषी ठरल्याने आपल्या सर्व मूलभूत हक्कांस मुकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली विशाखापट्टणमच्या तुरुंगातील नक्षलवादी बंद्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले, आणि पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रांनी त्या मताला मांसरक्त चढविले. म्हणजे बंद्याजवळ काय उरते, या प्रश्नास आमच्या कायद्याचे उत्तर असे आहे, की जे काढून घेतले नाही ते सर्व उरते. तुरुंगाचा व्यवहार मात्र आजही जे दिले आहे तेवढेच उरते, या उलट्या न्यायाने चालतो. शिक्षण हे या दोहोंपैकी कोणत्या खात्यात पडते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

प्रत्यक्षात काय चालले आहे ते आता पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ माणसांची. या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश दहावीपर्यंत पोहोचलेले नाहीत, त्यांतही पुष्कळसे निरक्षर आहेत. उच्च शिक्षणाची सोय आहे ती मुख्यतः दोन मुक्त विद्यापीठांची. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे केंद्र तिहार तुरुंगात १९९४ साली निघाले आणि नंतर त्या विद्यापीठाने बंद्यांना शुल्कमाफी दिली. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही कारागृहांत अभ्यासकेंद्रे चालविली आहेत. शाळा अर्ध्यात सुटलेल्या प्रौढासाठी पूर्वतयारीची परीक्षा घेऊन पदवीचा मार्ग मोकळा करण्याची कल्पना या विद्यापीठांचीच, आणि तुरुंगाइतका तिचा उपयोग क्वचितच अन्यत्र झाला असेल. ही कामगिरी थोडी नाही.

पण ती ज्या परिस्थितीत चालते ती परिस्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. दिवस मावळण्याच्या सुमारास गिनती होते, बराकीला टाळे पडते, आणि सकाळी ते निघेपर्यंत निम्म्याहून अधिक प्रहर माणसे एका लांबट खोलीत असतात. दिवा रात्रभर जळतो, तो अभ्यासासाठी नव्हे, पहाऱ्यासाठी. ज्याला वाचायचे आहे तो आपली वळकटी त्यातल्या त्यात उजेडाच्या अंगाला सरकवतो, गुडघ्यावर पुस्तक धरतो, आणि शेजारच्या अंथरुणावर चाललेली भांडणे, जामिनाच्या गप्पा व दूरदर्शनसंचाचा आवाज यांच्यामधून समाजशास्त्राचे एक पान पार करतो. स्वाध्याय लिहायचा तर मांडी हेच मेज. शंका विचारायची तर कोणास? टपालाने येणारी पुस्तके तपासणी होऊन हाती पडेपर्यंत सत्राचा काही भाग उलटलेला असतो. मध्येच दुसऱ्या कारागृहात बदली झाली, तर नावनोंदणी एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे, अशी अवस्था होते. प्रयोगशाळा नसल्यामुळे विज्ञानशाखा बंदच; कला आणि वाणिज्य यांवर भागवावे लागते. इतके असूनही जो मनुष्य पदवी पदरात पाडून घेतो, त्याच्या पदवीची किंमत कॅन्टीनच्या कट्ट्यावर तीन वर्षे घालविणाऱ्याच्या पदवीहून कमी कशी लेखायची, हे मला समजत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप तुरुंगाबाहेरच्या गरीब बापाचा आहे. त्याने जन्मात कोणाच्या केसाला धक्का लावला नाही, तो मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी सावकाराचे किंवा पतसंस्थेचे उंबरे झिजवितो, आणि त्याच गावात ज्याने खून केला तो सरकारी खर्चाने बी. ए. होतो, हे पाहून त्याच्या पोटात तुटणारच. या माणसाला नीतीचे पाठ देणाऱ्या सुधारकांचा मला राग येतो. त्याची तक्रार खरी आहे. फक्त ती ज्याच्या दारी न्यायला हवी तेथे जात नाही. त्याच्या मुलीचे शुल्क बंद्याच्या शिक्षणाने वाढलेले नाही. अमेरिकेत १९९४ साली नेमक्या याच भावनेवर स्वार होऊन तेथील प्रतिनिधिगृहांनी गुन्हेगारीविषयक मोठा कायदा केला आणि पेल अनुदान नावाची गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेली मदत बंद्यांना देणे थांबविले. तुरुंगांत चालणारे बहुतेक महाविद्यालयीन वर्ग त्यामुळे बुडाले. वस्तुतः त्या अनुदानाच्या एकूण रकमेतील एक टक्काही बंद्यांकडे जात नव्हता, आणि ती बंद झाल्याने बाहेरच्या गरिबांचे शिक्षण स्वस्त झाले असेही काही घडले नाही. या चुकीची दुरुस्ती २०२० च्या डिसेंबरात कायद्याने झाली आणि २०२३ च्या जुलैपासून ती अमलात आली. मधली जवळजवळ तीस वर्षे ज्यांची गेली, त्यांची ती गेलीच.

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो. न्यायालयाने सक्तमजुरी फर्माविली आहे, विद्यार्जन नव्हे. याला उत्तर खुद्द १८९४ च्या तुरुंग कायद्यात आहे. नऊ तासांहून अधिक मजुरी कोणाही बंद्याकडून एका दिवसात घेऊ नये, असे तो इंग्रजी अमलातला कठोर कायदाही सांगतो. उरलेले तास कोणाचे? ते सक्तमजुरीत मोडत नाहीत आणि बंद्याच्या स्वाधीनही नाहीत.

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करावयास लावतो, कारण तो शिक्षणाच्या शत्रूंकडून येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्याचा रोख असा होता, की रयतेच्या पैशावर वरच्या थरांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि रयतेच्या मुलांची प्राथमिक शाळा उपेक्षित राहते. तोच न्याय तुरुंगाला लावून कोणी विचारील, की जेथे माणसे स्वतःच्या वॉरंटावरील नाव वाचू शकत नाहीत, तेथे मूठभरांच्या पदवीचा थाट कशासाठी? फुल्यांचा दंडक मला मान्य आहे, आणि साक्षरतेचा वर्ग बंद करून पदवीचा वर्ग काढा असे जर कोणी म्हणू लागला तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. परंतु तुरुंगाची रचना अशी आहे, की तेथे या दोन गोष्टी एकमेकींच्या घासातला घास काढून घेत नाहीत. बाहेरचा शिक्षक टाळेबंदीनंतर बराकीत थांबू शकत नाही. रात्री तेथे अक्षर शिकवील तर आतलाच कोणी शिकलेला शिकवील. तिहारमध्ये ‘पढो और पढाओ’ या नावाने जी योजना चालते तिचे मर्म हेच आहे. ज्याच्या हाती इतिहासाचे वा मराठीचे पदवीचे पुस्तक आहे, त्याच्याच अंथरुणाशी शेजारचा मनुष्य पाटी घेऊन बसतो. वरची पायरी काढून टाकली तर खालच्या पायरीवर शिकविणारा राहत नाही.

ज्याचा मनुष्य मारला गेला त्या कुटुंबाच्या भावनेविषयी मी येथे काही लिहीत नाही. त्यांचे दुःख हा वादाचा मुद्दा करणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि बंद्याला अडाणी ठेवून ते हलके होते असेही कोणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही.

राहिला उपयुक्ततेचा पक्ष, जो आमच्या बाजूचा असूनही मी दुबळा म्हटला. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेने २०१३ साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला, की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा तुरुंगात येण्याचे संभवप्रमाण इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसते. हा आकडा सभांतून फार फिरतो. पण चाणाक्ष प्रतिपक्षी लगेच विचारील, की जो मनुष्य तुरुंगात आपणहून वर्गात जाऊन बसतो तो सुधारण्याच्या वाटेला आधीच लागलेला नसेल कशावरून? या शंकेचे पुरते निरसन आकड्यांनी करणे कठीण आहे, आणि ज्याने आपली सारी इमारत या आकड्यावर उभारली त्याला उद्या आकडा खाली आला की घर सोडावे लागेल. शिवाय, शिक्षणाने मनुष्य सज्जन होतो हे विधानच मला धाडसाचे वाटते. बँका बुडविणारे आणि खोटी कागदपत्रे तयार करणारे लोक निरक्षर असतात, असे आमच्या अनुभवास येत नाही. पदवी सद्वर्तनाची हमी देत असती तर तुरुंगांत पदवीधर दिसलेच नसते.

मग पदवी देते काय? सुतारकाम, विणकाम, बेकरी हे कारागृहाचे जुने उद्योग आहेत आणि त्यांची हेटाळणी मला करावयाची नाही. सुटल्यावर पोटाला लावणारे तेच. परंतु हात शिकले म्हणजे मनुष्य शिकला, असे आपण आपल्या मुलांविषयी मानीत नाही. तुरुंग ही कागदावर चालणारी संस्था आहे. वॉरंट, आरोपपत्र, निकालपत्र, अपिलाचा मसुदा, संचित रजेचा अर्ज, या कागदांवर बंद्याचे आयुष्य टांगलेले असते आणि त्यांपैकी निम्मे त्याला वाचता येत नाहीत. आपल्याला जन्मठेप का झाली हे सांगणारे निकालपत्र पुष्कळदा इंग्रजीत असते. ते बराकीतला कोणी जाणता आपल्या समजुतीप्रमाणे सांगेल ते खरे मानून त्याला चालावे लागते. ज्याला दीर्घ मजकूर सलग वाचून त्यातला मुद्दा वेगळा काढता येतो, आपले म्हणणे चार परिच्छेदांत मांडता येते, विरुद्ध पक्ष काय म्हणेल हे आधी ताडता येते, तो मनुष्य प्रथमच आपल्या खटल्याचा वाचक होतो. न्यूयॉर्क राज्यातील एका तुरुंगात बार्ड महाविद्यालयाचे वर्ग चालतात. तेथील बंद्यांच्या वादविवाद-चमूने २०१५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूस हरविले, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठे कौतुक केले. मला त्या विजयाहून दुसरी गोष्ट मोलाची वाटली. त्यांना इंटरनेट नव्हते. लागणारे प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख तुरुंगाधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यावा लागे आणि त्यात आठवडे जात. आणि त्यांच्या वाट्याला बाजू आली होती ती त्यांच्या स्वतःच्या मताविरुद्धची. आपल्याला न पटणारी बाजू समजून घेऊन ती न्यायाने मांडणे, हे शिक्षण ज्याला मिळाले त्याला फिर्यादीची बाजूही कधी ना कधी दिसू शकते. दिसेलच असे नाही.

आता आमच्याकडच्या एका प्रघाताविषयी. शिक्षण पूर्ण करणाऱ्या बंद्यास शिक्षेत माफी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. हेतू चांगला, परिणामही काही अंशी चांगला. परीक्षेचे अर्ज त्यामुळे वाढत असतील. तरीही या पद्धतीने शिक्षण हे चांगल्या वर्तणुकीच्या बक्षिसांच्या रांगेत नेऊन बसविले जाते, आणि बक्षीस जो देतो तो परतही घेतो. याचे उदाहरण मंडेलांच्या चरित्रात आहे. रॉबेन बेटावरील राजबंद्यांनी त्या तुरुंगाचे विद्यापीठ केले असे आपण वाचतो. पण मंडेलांनी चोरून लिहिलेल्या आत्मचरित्राची पुरून ठेवलेली पाने सापडली तेव्हा त्यांना जी शिक्षा झाली ती कोणती? चार वर्षे अभ्यासाची परवानगी बंद. जेलरास ठाऊक होते, की अभ्यास ही सवलत आहे आणि म्हणून ती काढून घेता येते. कायद्याची पदवी त्यांच्या हाती पडली ती १९८९ साली, सुटकेच्या थोडीच आधी. बंद्याने दंगा केला तर त्याची मुलाखत बंद होते, कॅन्टीन बंद होते. पण जेवण बंद होत नाही. शिक्षण मुलाखतीच्या यादीत आहे की जेवणाच्या, हे एकदा ठरले म्हणजे माफी देण्यास माझी हरकत नाही.

या माफीच्या पद्धतीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. माफी शिक्षेत मिळते; ज्याला शिक्षाच झाली नाही त्याला ती कशी मिळणार? २०२२ च्या त्याच आकड्यांत ४,३४,३०२ लोक न्यायाधीन होते, म्हणजे दर चौघांत तिघे. तुरुंगाच्या भाषेत हे कच्चे कैदी. त्यांना मजुरी नाही, म्हणून कारखान्यात जागा नाही. शिक्षा नाही, म्हणून माफी नाही. किती दिवस राहणार याचा भरवसा नाही, म्हणून अभ्यासक्रमात घालण्यास कोणी उत्सुक नाही. परीक्षा आणि कोर्टाची तारीख एकाच दिवशी आली तर परीक्षा बुडते, आणि पोलीस बंदोबस्त न मिळाल्यामुळे तारीखही बुडते ती निराळीच. ज्याचा काळ जप्त करण्याचा अंतिम हुकूमच अद्याप झालेला नाही, त्याच्याविषयी राज्यसंस्थेचे देणे वास्तविक सर्वांत मोठे असले पाहिजे. व्यवहारात ते सर्वांत लहान आहे. खटला संपून तो निर्दोष सुटला तर त्याच्या पाच वर्षांबद्दल त्याला देण्याजोगे आमच्याजवळ काहीही नसते. एखादी पदवी त्या पाच वर्षांची भरपाई करील असे मी म्हणत नाही. पण ती वर्षे रिकाम्या हातांनी परत करण्यापेक्षा त्यात काही घालून परत करणे हे कर्जदाराच्या इभ्रतीला शोभून दिसेल. यासाठी करावयाचे तेही अवाढव्य नाही. नावनोंदणी बंद्याबरोबर एका कारागृहातून दुसऱ्यात आणि जामिनावर सुटला तर त्याच्या गावच्या केंद्रात जावी. परीक्षेचा दिवस कोर्टास आगाऊ कळवून तारीख टाळावी. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात टाळेबंदीनंतर उघडी राहणारी एक वाचनाची बराक असावी. आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या तासिकांत आतले तास धरले जावेत, म्हणजे ते पुण्यकर्म न राहता नोकरीचा भाग होतील.

न्यायालये या बाबतीत शासनाच्या पुढे आहेत. २०२३ साली केरळच्या उच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या दोन बंद्यांना कायद्याच्या वर्गास तुरुंगातूनच संगणकाद्वारे हजर राहण्याची मुभा दिली, आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तळोजा कारागृहातील एका न्यायाधीन बंद्याला मुंबईच्या एका विधी महाविद्यालयात प्रवेश देण्यास सांगितले. यावर काही सुशिक्षितांनी नाके मुरडली, की खुनाचा गुन्हेगार उद्या काळा डगला घालून न्यायमूर्तींपुढे उभा राहणार काय? राहू शकेल. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या २४-अ या कलमाप्रमाणे नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची सनदेची अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. ही दोन वर्षांची तरतूद संसदेने बंद्यांवर दया म्हणून घातलेली नाही. शिक्षा भोगून संपली म्हणजे ती संपली, एवढाच तिचा अर्थ आहे. ज्यांना तुरुंगातील पदवी खटकते, त्यांनी आधी ती तरतूद रद्द करण्याची मागणी करावी, आणि ती करताना आपण कोणत्या न्यायाने बोलत आहोत, सुब्बा रावांच्या की त्यांच्यापुढे हरलेल्या सरकारी वकिलाच्या, हेही सांगून टाकावे.